फी माफ झाली, अंतर राहिले: झांबियातील शाळकरी मुली आणि सायकल

झांबियात पहिली ते सातवीचे शिक्षण 2002 पासून विनाशुल्क आहे आणि 2022 पासून सरकारी शाळांतील बारावीपर्यंतची फीही रद्द झाली. फी हा गरीब घरांतील मुलांच्या वाटेतला मोठा अडसर होता आणि तो दूर झाला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. तरीही दक्षिण झांबियातील खेड्यात राहणाऱ्या मुलीला शाळेत जाण्यासाठी रोज आणखी एक किंमत मोजावी लागते, आणि ती कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. ती किंमत म्हणजे घर आणि शाळा यांमधले अंतर. हे अंतर कापण्यासाठी मुलींना सायकल दिली तर काय घडते, ते का घडते, आणि सायकली नुसत्या वाटून का भागत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

शाळा इतक्या दूर का असतात, हा पहिला प्रश्न. झांबियाचे क्षेत्रफळ सुमारे 7,52,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ अडीचपट आहे. लोकसंख्या मात्र 2022 च्या जनगणनेनुसार 1 कोटी 96 लाख आहे. महाराष्ट्राची लोकसंख्या 2011 मध्येच 11 कोटी 24 लाख होती. दर चौरस किलोमीटरमागे महाराष्ट्रात 365 माणसे असतील, तर झांबियात 26 आहेत. त्यात वस्तीची रीतही वेगळी. गाव म्हटले की आपल्यापुढे भिंतीला भिंत लागून असलेली घरे, मधोमध देऊळ आणि भोवती शेते असे चित्र उभे राहते. दक्षिण प्रांतातील टोंगा जमातीच्या शेतकऱ्यांची घरे मात्र आपापल्या मक्याच्या शेताजवळ आणि गुरांच्या वाड्याजवळ, एकमेकांपासून लांब लांब विखुरलेली असतात.

आता एक साधा हिशेब करून पाहू. मूल ताशी चार किलोमीटर वेगाने चालते असे धरले, तर पाऊण तासात ते तीन किलोमीटर जाते. शाळेभोवती तीन किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्याचे क्षेत्रफळ साधारण 28 चौरस किलोमीटर भरते, आणि देशाच्या सरासरीने त्यात सातशे-साडेसातशे माणसे राहतात. (लुसाकासारखी शहरे वगळली तर खेड्यांतला आकडा याहूनही कमी होईल.) त्यांपैकी आठवी ते बारावीच्या वयाची मुले दर शंभरात अकराच्या आसपास धरली, तरी पाच इयत्ता मिळून ऐंशीच मुले होतात, म्हणजे एका वर्गात सोळा. एवढ्या मुलांसाठी गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे स्वतंत्र शिक्षक असलेली माध्यमिक शाळा कोणत्याही सरकारला जागोजागी काढता येणार नाही. म्हणून शाळा दूर असते, आणि ती तशी असण्यामागे केवळ सरकारची अनास्था नसून विरळ वस्तीचे गणित आहे.

तेच मूल सायकलवरून ताशी बारा किलोमीटर वेगाने गेले, तर त्याच पाऊण तासात नऊ किलोमीटर जाईल. वेग तिप्पट झाला, पण वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्यामुळे शाळेच्या आवाक्यातला प्रदेश नऊपट झाला. आता त्या वर्तुळात साडेसहा हजारांच्या आसपास माणसे आणि सातशेहून अधिक विद्यार्थी येतात, आणि एवढ्या मुलांवर एक चांगली शाळा चालू शकते. सायकलीचे सामर्थ्य या नऊ पटींत आहे. सपाट कागदावरचे हे गणित प्रत्यक्ष वाळूच्या वाटेवर पूर्ण उतरत नाही, पण त्याची दिशा खरी आहे.

अंतराचा भार मुलग्यांवरही पडतो; मुलींवर तो अधिक पडतो, आणि का पडतो हे तिथल्या एका सकाळीवरून कळते. शाळा सातच्या सुमारास भरते. जून-जुलै हे तिकडचे हिवाळ्याचे महिने असल्यामुळे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. सहा-सात किलोमीटरवर राहणाऱ्या मुलीला वेळेवर पोचायचे तर सव्वापाच-साडेपाचलाच निघावे लागते, आणि त्याही आधी अंगण झाडणे, पाणी भरणे, धाकट्या भावंडांकडे पाहणे ही कामे बहुतेक घरांत मुलीच्याच वाट्याला असतात. लुसाकाहून लिव्हिंग्स्टनकडे जाणारा डांबरी रस्ता मझाबुका, मोन्झे, कालोमो या गावांना जोडतो. पण त्या रस्त्यापासून आत गेले की उरते ती गवतातून जाणारी पायवाट. थंडीच्या दिवसांत अंधारात, एकटीने किंवा दोघी-तिघींनी त्या वाटेने जाताना छेडछाडीची आणि त्याहून वाईट प्रसंगांची भीती खरी असते. दिवसाकाठी तीन तासांची पायपीट करून वर्गात बसलेल्या मुलीला पहिल्या तासाला डुलकी लागली, तर तिला आळशी कसे म्हणावे? शालेय वर्ष सुरू होते जानेवारीत, म्हणजे ऐन पावसाळ्यात. त्या महिन्यांत ओढे भरलेले असतात आणि मागच्या वर्षीचा मका सरत आलेला असल्यामुळे अनेक घरांतील मुले अर्धपोटी निघतात.

यावर पालकांनी स्वतःच्या परीने काढलेला एक मार्ग म्हणजे शाळेजवळ एखादी खोली किंवा झोपडी भाड्याने घेऊन मुलींना सोमवार ते शुक्रवार तिथे ठेवणे. मोठ्या माणसाच्या देखरेखीविना राहणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना त्यात कोणते धोके असतात, हे वेगळे सांगायला नको. दुसरा मार्ग म्हणजे शाळा सोडवून घरी बसवणे, आणि तिथून लग्न फार लांब राहत नाही.

आफ्रिकेला सायकल नवी नाही, हे इथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण बाहेरून कोणीतरी सायकल नेऊन दाखवली अशी समजूत सहज होते. केनिया आणि युगांडा यांच्या सीमेवर बुसिया येथे सायकलवरून प्रवासी पोचवणारे लोक ‘बॉर्डर, बॉर्डर’ असे ओरडत, त्यावरून ‘बोडा बोडा’ हा शब्द रूढ झाला. मलावीत सायकलच्या टॅक्सीला ‘काबाझा’ म्हणतात. या भागात दशकानुदशके धावलेली सायकल आपल्या ओळखीचीच आहे. ब्रिटिश धाटणीची, उंच दांडीची, दांड्याच्या ब्रेकची काळी सायकल, जिच्यावर आपल्याकडे दुधाच्या किटल्या लटकत असत, तीच भारतातून आणि चीनमधून तिकडे जात राहिली. केनियात तिला ‘ब्लॅक मांबा’ असे नाव पडले. सायकल माहीत होती आणि बाजारात मिळतही होती. अडचण होती ती गरिबाला परवडेल आणि तिथल्या वाटांवर टिकेलही अशी सायकल मिळण्याची. स्वस्त मालाची रिम पहिल्याच पावसाळ्यात वाकडी होई, पायडल निखळे, तारा तुटत. परदेशांतून देणगीदाखल आलेल्या जुन्या सायकलींची तऱ्हा निराळी. त्या चांगल्या असल्या तरी प्रत्येकीचा मेक वेगळा, टायरचे माप वेगळे आणि गिअर नाजूक. त्यामुळे एखादा भाग मोडला की त्याच्या जोडीचा भाग शंभर किलोमीटरच्या परिघात मिळत नसे.

या अनुभवांतून पुढे आलेल्या प्रयत्नांपैकी सर्वांत मोठा म्हणजे ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ या संस्थेचा. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर शिकागोतील ‘स्रॅम’ या सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे सहसंस्थापक एफ. के. डे आणि त्यांच्या पत्नी, छायाचित्रकार लीआ मिसबाख डे यांनी 2005 मध्ये ती स्थापन केली. श्रीलंकेत उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांना 24,000 हून अधिक सायकली देण्यापासून काम सुरू झाले. तिथून संस्था झांबियात गेली ती शाळांसाठी नव्हे, तर एचआयव्हीबाधित रुग्णांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी. अशा सुमारे 23,000 स्वयंसेवकांना सायकली मिळाल्या आणि त्यांच्या रोजच्या वापरातून सायकलीत काय मोडते याची बारीक माहिती हाती आली. शाळकरी मुलांसाठीचा कार्यक्रम त्यानंतर 2009 मध्ये सुरू झाला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मुलींच्या हाती दिलेली सायकल आधी प्रौढ माणसांच्या ओझ्याखाली तावून सुलाखून निघाली होती.

ही सायकल ‘बफेलो’ नावाने ओळखली जाते आणि तिच्याकडे जवळून पाहिले तर तिची रचना का तशी आहे हे कळत जाते. तिचे वजन 23 किलोच्या आसपास आहे. शहरात हौसेने सायकल चालवणाऱ्याला ते अवजड वाटेल. नळ्या जाड पोलादाच्या आहेत. मागचे कॅरिअर सुमारे 100 किलोचे ओझे पेलते. त्यावर मक्याची 50 किलोची गोणी राहते, पाण्याचे डबे राहतात किंवा पाय बाजूला सोडून धाकटी बहीण बसते. चाकांच्या तारा नेहमीपेक्षा जाड आहेत, म्हणजे खड्ड्यात आदळून चाकाला आउट येण्याचे प्रमाण कमी होते. मूळच्या सायकलीला गिअर नाही. ब्रेकसाठी हँडलपासून चाकापर्यंत जाणारी तारही नाही: पायडल उलट्या दिशेने दाबले की मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या आतला भाग पकडतो आणि चाक थांबते. या ब्रेकला रबर झिजण्याची भीती नाही आणि त्याची यंत्रणा पूर्ण बंद असल्यामुळे चिखल, वाळू, पाणी आत शिरत नाही. जो भाग सायकलीवर नाहीच तो मोडूही शकत नाही, या विचाराने केलेली ही रचना आहे. अलीकडे त्याच सायकलीची दोन वेगांची आवृत्तीही आली आहे, आणि तिच्यातही गिअर बदलणारा नाजूक काटा नाही; दोन चेन बसवलेल्या आहेत आणि पायडल किंचित उलटे फिरवले की एकीवरून दुसरीवर जोर जातो. चढावर ओझे नेणाऱ्या मुलीला त्याचा किती उपयोग होईल, हे चढावर सायकल हाताने ढकलत नेलेल्या कोणालाही समजेल.

मात्र सायकल कितीही दणकट असली तरी पंक्चर व्हायचेच, चेन उतरायचीच. आपल्याकडे तालुक्याच्या गावाला, अनेकदा खेड्याच्या फाट्यावरही, टायरची माळ टांगलेले आणि पाण्याची घमेली पुढ्यात ठेवलेले सायकलचे दुकान असते. तिथे ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा कुठून येतो हे पाहण्यात आपल्यापैकी कित्येकांचे बालपण गेले आहे. ग्रामीण झांबियातील बहुतेक शाळांच्या आसपास असे दुकान नव्हते. म्हणून कार्यक्रमात सायकलीबरोबर माणसेही तयार करावी लागली. त्याच परिसरातील तरुण-तरुणींना दुरुस्तीचे प्रशिक्षण देऊन हत्यारांचा संच दिला जातो, आणि ते पैसे घेऊन दुरुस्ती करतात, म्हणजे तो त्यांचा धंदा होतो. सुटे भाग मिळत राहावेत यासाठी संस्थेने ‘बफेलो’ सायकली विकणारी स्वतंत्र कंपनीही उभी केली, जी शेतकऱ्यांना, दूध संकलन करणाऱ्यांना आणि इतर संस्थांना त्याच सायकली किमतीने विकते. वाटप करणाऱ्या संस्थेने विक्रीत पडावे याचे काही जणांना नवल वाटेल. पण एखाद्या भागात एकाच मेकच्या पन्नास सायकली असतील तर दुकानदार त्यांचे टायर ठेवणार नाही, पाच हजार असतील तर आपण होऊन ठेवेल. शेतकऱ्याने विकत घेतलेल्या सायकलीमुळे विद्यार्थिनीच्या सायकलीचा टायर बाजारात मिळतो, इतका हा सरळ संबंध आहे.

दुसरा नाजूक प्रश्न मालकीचा. घरात एकच सायकल आली आणि ती मुलीच्या नावाची असली, तरी ती वडील किंवा थोरला भाऊ घेऊन जाणार हे ओघानेच आले. यासाठी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि गावातील जाणती माणसे यांची समिती असते. सायकल कोणाला द्यायची हे ती ठरवते आणि घराचे अंतर, परिस्थिती यांचा विचार करते. साधारण दहापैकी सात सायकली मुलींना जातात. विद्यार्थिनी आणि पालक करारावर सही करतात. शाळेत नियमित यायचे, सायकल सांभाळायची, आणि ठरलेली मुदत पुरी झाली की सायकल तिच्या मालकीची होते. मुलगी सायकलविना चालत आली तर शिक्षक कारण विचारतात. माझ्या मते या करारातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, कारण वडिलांना नाही म्हणणे बारा वर्षांच्या मुलीला जड जाते, पण ‘शाळेने विचारले तर काय सांगू’ हे ती म्हणू शकते.

या सगळ्याचा खरोखर उपयोग होतो का, हे अर्थशास्त्रज्ञ नेथन फियाला, निशीथ प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण प्रांतात तपासले. अशा तपासणीतली मुख्य अडचण समजून घेतली पाहिजे. सायकल मिळालेल्या मुलींची हजेरी चांगली दिसली, तरी ती सायकलीमुळेच सुधारली असे म्हणता येत नाही. कदाचित समितीने मुळातच हुशार, धडपड्या मुली निवडल्या असतील, किंवा त्या वर्षी पीकपाणी चांगले झाले असेल. म्हणून संशोधकांनी कोणत्या शाळांना आधी सायकली द्यायच्या हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. निवड नशिबावर सोडली की दोन्ही गटांतील मुली सरासरीने सारख्याच असतात आणि पुढे दिसणारा फरक सायकलीच्या खाती टाकता येतो. शाळेपासून तीन किलोमीटरहून लांब राहणाऱ्या मुलींचा हा अभ्यास होता.

एका वर्षानंतर असे आढळले की सायकल मिळालेल्या मुलींचा प्रवासाचा वेळ सुमारे 35 टक्क्यांनी, उशिरा पोचण्याचे प्रमाण 66 टक्क्यांनी आणि गैरहजेरी 27 टक्क्यांनी घटली. गणिताच्या चाचणीत गुण सुधारल्याचे दिसले, आणि आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे ही भावना या मुलींमध्ये अधिक होती. वेग तिप्पट होतो असे वर म्हटले, मग वेळ फक्त तिसऱ्या हिश्श्याने कसा घटला, असा प्रश्न कोणीही विचारील. वाळूत आणि चढावर सायकल ढकलावी लागते, काही मैत्रिणी पायी असतात म्हणून त्यांच्याबरोबर चालावे लागते, आणि सायकल दुरुस्तीला पडलेली असेल तो दिवसही सरासरीत धरला जातो. मला तरी हीच कारणे संभवनीय वाटतात. रोजच्या वाटेतला एक-तृतीयांश वेळ वाचणे ही लहान गोष्ट नव्हे.

याच अभ्यासातील एक निष्कर्ष मला फार विचार करायला लावतो. काही शाळांत सुट्या भागांसाठी पालकांकडून थोडी रक्कम घेतली गेली आणि काही शाळांत तो खर्चही कार्यक्रमानेच उचलला. हजेरीचा फायदा दोन्हीकडे झाला. पण पुढे काय व्हायचे याबद्दलच्या आकांक्षा, स्वतःविषयीची प्रतिमा, लग्न आणि मूल लांबणीवर टाकण्याची इच्छा यांत स्पष्ट बदल दिसला तो ज्यांच्या घरून थोडे पैसे भरले गेले होते त्या मुलींमध्ये. आपल्या शाळेसाठी घरातून चार पैसे निघाले, याचा अर्थ त्या मुलींनी काय घेतला असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. याचा अर्थ गरिबांकडून पैसे घ्यावेत असा काढू नये. रक्कम लहान होती, आणि ज्याला तीही जड जाईल असे घर प्रत्येक गावात असते.

निशीथ प्रकाश यांचे नाव वाचून काही वाचकांना बिहारची आठवण झाली असेल. बिहार सरकारने 2006 मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल घेण्यासाठी 2,000 रुपये देण्याची योजना सुरू केली, आणि कार्तिक मुरलीधरन आणि प्रकाश यांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून दाखवले की त्यामुळे माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढले. सर्वाधिक फरक पडला तो माध्यमिक शाळा दूर असलेल्या गावांत. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. झांबियातला अभ्यास हा एका अर्थाने बिहारमधल्या प्रश्नाचा पुढचा भाग आहे. फरक असा की बिहारमध्ये सरकारने पैसे दिले की बाकीचे काम बाजाराने केले: सायकलचे दुकान, पंक्चरवाला, सुटे भाग हे सारे आधीच होते. झांबियात तेच पैसे रोख दिले असते तर मुलीला जवळपास धड सायकल मिळाली नसती, आणि मिळाली असती तरी ती दोन महिन्यांत भिंतीला टेकून पडली असती. एका देशात यशस्वी झालेली योजना दुसरीकडे नेताना तिचा न दिसणारा अर्धा भागही न्यावा लागतो.

सायकलीला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात काही अर्थ नाही. झांबियातील अभ्यासातच दिसले की फायदा अंतराबरोबर वाढत जातो आणि फारच लांब राहणाऱ्या मुलींच्या बाबतीत पुन्हा कमी होतो. पंधरा किलोमीटरवरच्या मुलीला सायकल पुरणार नाही, तिला सुरक्षित वसतिगृह हवे. फेब्रुवारीत ओढ्याला पूर आला की सायकलही अलीकडच्या काठावरच थांबते. वर्गात शिक्षकच नसेल, किंवा साठ-सत्तर मुलांत एकच पुस्तक असेल, तर वेळेवर पोचलेल्या मुलीच्या पदरी काय पडणार? मुलग्यांना वगळले जाते ही तक्रारही पूर्ण निराधार नाही. गुरे राखण्यासाठी शाळा सोडणारे मुलगेही त्या प्रांतात आहेत. मुलींना झुकते माप देण्याचे माझ्या मते सबळ कारण आहे, पण दहांतल्या तीन सायकली मुलग्यांसाठी ठेवण्याचेही तितकेच सबळ कारण आहे.

शनिवारी मात्र हे चित्र थोडे बदलते. त्या दिवशी शाळा नसते आणि मुलीची सायकल घरच्या कामाला लागते: आई कॅरिअरवर मक्याची गोणी बांधून दळायला नेते, आजी दवाखान्यात जाते, मोठा भाऊ बाजारात कोंबड्या विकून येतो. एरवी दोन खेपांना अख्खा दिवस जाई, ती कामे दुपारपर्यंत उरकतात. संध्याकाळी मुलगी सायकल पालथी करून चेनला तेल घालते, टायर अंगठ्याने दाबून पाहते, आणि सोमवारच्या वाटेसाठी ती घरात आणून ठेवते, कारण बाहेर ठेवली तर रात्रीत जाईल ही भीती असतेच.